वाडीच्या यार्डातली बोट

ज्यांना इंजिन म्हणजे फक्त आवाज आणि हॉर्सपॉवर वाटते, त्यांच्याबद्दल मला आदर नाही. तो आणण्याचा प्रयत्नही मी सोडून दिला आहे. एका हिवाळ्यात अशी माणसं मला फार जवळून पाहायला मिळाली, आणि तीही समुद्रापासून शेकडो कोस लांब, नागपूरला लागून असलेल्या वाडीत, अमरावती रोडवरच्या एका ट्रकच्या यार्डात.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर मी नागपूरच्या मिहानमधली कॉल सेंटरची नोकरी सोडली होती. परदेशातल्या लोकांच्या चपला त्यांना बसत नाहीत, याबद्दल त्यांची इंग्रजीतून माफी मागायची, हे माझं काम होतं. चपला मी शिवल्या नव्हत्या, विकल्या नव्हत्या, तरी दिवसातून साठ-सत्तर वेळा मीच दिलगीर असायचे. एका सकाळी मला दिलगिरी वाटेनाशी झाली आणि मी घरी आले.

घरी वडिलांची छोटी प्रेस आहे. आमच्याकडे देवघर नव्हतं, त्या जागी पत्रकांचे गठ्ठे असत. मोर्चाची, सभेची, निषेधाची, विहारातल्या परित्राणपाठाची पत्रकं. शाळेत जायच्या आधीपासून मी त्यांच्या घड्या घालत आले, वाचायलाही त्यांच्यावरच शिकले. वडिलांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. कोणतंही पत्रक हातात आलं की आधी शेवटचा परिच्छेद वाचायचा. कोण कोणाकडे काय मागतं आहे ते तिथे स्पष्ट नसेल, तर वरचं सगळं पाल्हाळ.

महिनाभर मी रिकामी बसलेली पाहून आईने मला तिच्या भावाकडे पाठवलं. मामा वाडीत ट्रकची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. ‘त्याच्या वह्या नीट कर,’ आई म्हणाली. वह्या दोन दिवसांत झाल्या. तिसऱ्या दिवशी यार्डात बोट आली.

पत्र्याची होती, वीस माणसं बसतील एवढी. ट्रेलरवर बांधून आणली आणि शेजारच्या गोदामाच्या क्रेनने उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. ट्रक ड्रायव्हरांना हिवाळाभर पुरेल एवढी करमणूक झाली.

‘क्या उस्ताद, समंदर कब मंगा रहे?’

‘उस्ताद, इसको भी टोल लगता क्या?’

मामा पान्यावरची नजर न हलवता म्हणायचा, ‘लगता. तेरे से वसूल करूंगा.’

बोट नागपूरपासून दीड-दोन तासांवरच्या एका धरणाच्या जलाशयातली. मच्छीमार संस्थेच्या मालकीची. धरणाच्या पाण्याने एक गाव पलीकडच्या काठाला तोडलेलं आहे. रस्त्याने गेलं तर मोठा फेरा, पाण्यातून अर्धा तास. दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं अलीकडे. बोट चालवायची एक बाई. आधी तिचा नवरा चालवायचा, तो गेल्यावर नऊ वर्षं ती. मी तिला मावशी म्हणायला लागले, कारण यार्डात दुसरं कोणी तिला काहीच म्हणत नव्हतं.

तिच्यापुढचा पेच असा होता. बोटीला शेतातल्या पंपाचं इंजिन बसवलेलं होतं आणि ते पाण्यात मधेच बंद पडायचं. संस्थेला एका सरकारी योजनेतून नवं इंजिन मंजूर झालं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, त्यांनी लगेच ठराव करून घेतला. हिवाळा संपायच्या आत इंजिन बसवायचं आणि समितीसमोर पलीकडे जाऊन परत येऊन दाखवायचं, एकदाही न थांबता. थांबली, तर फेरीचं काम भाऊंच्या पुतण्याला. पुतण्याने पर्यटकांसाठी पेट्रोलवरची एक वेगवान बोट आणून ठेवलेलीच होती. नऊ वर्षं बाईने ते मरतुकडं इंजिन हँडल मारमारून चालवलं, तेव्हा कोणी ठराव केला नाही. ते बदलायची वेळ आली आणि परीक्षा मात्र तिची.

भाऊंनी आयुष्यात जाळं टाकलेलं नाही. सभासदत्व आजोबांकडून आलं, अध्यक्षपद तोंडातून. ते राहतात नागपुरात आणि धरणावर येताना पांढरे बूट घालतात. चिखलाच्या काठावर पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला खाली उतरायचं नसतं, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

मामाने जुनं इंजिन उघडलं. इंजिनाचं काय ते असो, डिझेल येण्याची सोय पाहण्यासारखी होती. टाकी म्हणजे प्लास्टिकची कॅन. तिच्या तोंडातून आत सोडलेली नळी सलाईनची, दवाखान्यातली, आणि तोंडाभोवती चिंधी. फिल्टर नाही, बंद करायला तोटी नाही. पावसाचं पाणी, दहिवर, कचरा, सगळं डिझेलसोबत आत. संस्थेच्या अहवालांत या प्रकाराला नऊ वर्षं ‘इंधन व्यवस्था सुस्थितीत’ असं लिहिलेलं होतं. मी ते अहवाल पुढे वाचले. लिहिणाऱ्याचं अक्षर सुंदर होतं.

‘सलाईन कोणाची होती वं?’ मामाने मावशीला विचारलं.

‘त्यायचीच,’ ती म्हणाली. म्हणजे नवऱ्याची. ‘दवाखान्यातून आणली. फेकून काहून द्याची?’

मावशी दर बुधवारी एसटीने यायची. बाकीचे दिवस ती लहान डोंग्याने लोकांना नेत होती, दोन-दोन, तीन-तीन करून, हाताने वल्हवत. यार्डात आली की जुन्या टायरवर बसायची आणि मामा जे उचलेल त्याच्याकडे बोट दाखवून विचारायची, ‘हे काहून?’ पहिल्या बुधवारी मामा वैतागला.

‘बाई, मी तीस वर्षांपासून हेच करून राहिलो.’

‘पाण्यात?’

‘पाण्यात कायले? रस्त्यावर.’

‘मंग सांगा न गा. रस्ता बुडत नाही.’

मामाचा बेत ट्रकची जुनी टाकी जशीच्या तशी बसवायचा होता. तिने तो दोन वाक्यांत मोडला. ट्रक सरळ उभा राहतो, बोट लोक चढताना एका बाजूला कलते आणि टाकीत तळाला बसलेलं पाणी उसळून नळीत शिरतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मधल्या पाण्यात, अंगावर लोकांच्या शिव्या घेत, तिने ते नऊ वर्षं सोसून शोधलं होतं. मामाने कान खाजवला आणि टाकीचं चित्र नव्याने काढलं. मला माझा मामा त्या दिवशी आवडला. चूक दाखवल्यावर गप्प बसून पेन्सिल उचलणारे पुरुष मी फार पाहिलेले नाहीत.

डिसेंबर-जानेवारी आम्ही राबलो. लकडगंजला जाऊन इंजिनाच्या बैठकीसाठी सागाचे दोन जाड ओंडके निवडले. दुकानदार मला विचारत होता, ‘पलंग बनवता का, मॅडम?’ दोन सिलिंडरचं नवं इंजिन त्यांच्यावर बसवलं. पोलादी टाकी बनवली, आत पाणी उसळू नये म्हणून आडवे पत्रे. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये काचेची वाटी असलेला फिल्टर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वाटीत खाली दिसेल आणि खालचा स्क्रू सैल करून काढून टाकता येईल. मावशीच्या हाताशी तोटी. टाकीच्या डोक्यावर बोटाएवढी नळी, तोंड खाली वाकवलेलं आणि त्याला जाळी, म्हणजे पाऊस आत जाणार नाही पण हवा जाईल. डिझेल वापरलं जातं तशी त्या जागी हवा यावी लागते. नाही आली तर टाकी डिझेल सोडत नाही.

मी नळ्या कापल्या, क्लिपा आवळल्या. नळ्यांत अडकलेली हवा काढायचं काम मामाने मला दिलं. पंपावरचा नट सैल करायचा, हाताने पंप मारत राहायचं, बुडबुडे यायचे थांबले की नट आवळायचा. हातांना आठवडाभर डिझेलचा वास येत होता. मिहानमध्ये मी दोन वर्षांत इतकं खरं काम केलं नव्हतं.

भाऊ एकदाच आले. बरोबर चार माणसं, त्यांतला एक फक्त मोबाइल धरायला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. किती हॉर्सपॉवर? पळते किती? आणि माझं नाव कुठे येणार?

फिल्टरची वाटी मी त्यांना दाखवली. ते म्हणाले, ‘वा, काच आहे,’ आणि मोबाइलवाल्याकडे वळून हसले.

नाव कुठे लिहायचं यावर पाऊण तास चर्चा झाली. बोटीच्या बाजूवर लिहिलं तर पाण्याने जातं. छत नव्हतं. शेवटी त्यांची नजर टाकीवर गेली, कारण टाकी बसणाऱ्यांच्या समोर होती. लोक अर्धा तास जिथे पाहत बसतील ती जागा. एखाद्या माणसाला दुसऱ्याच्या नजरेतला अर्धा तास इतका हवासा वाटावा, याची मला अजून किळस येते.

नाव लिहायला भाऊंनी यार्डातलाच पेंटर लावला. तो ट्रकच्या मागे घारीचे डोळे आणि शेरोशायरी काढतो, आणि उत्तम काढतो. त्या दिवशी मामा एका लग्नाला गेला होता. भाऊंनी पाठवलेला मजकूर पेंटरने मला दाखवला. ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ अशी सुरुवात होती. अथक प्रयत्न करणारा माणूस एकदा येऊन काच पाहून गेला होता. माझं डोकं तडकलं. ‘लिहा काय लिहायचं ते,’ मी पेंटरला म्हणाले आणि गेटबाहेर चहाला गेले, आणि मुद्दाम दोन तास परत आले नाही.

हे माझं चुकलं. ज्याचा तिरस्कार करायचा त्याच्याकडे निदान लक्ष ठेवून तरी करावा.

चाचणीच्या दिवशी फेब्रुवारीची सुरुवात होती. काठावर मांडव, भोंगा, बोटीला झेंडूच्या माळा. भाऊंनी इंजिनावर नारळ फोडला. नव्या इंजिनावर, ज्याच्या बैठकीला आम्ही तीनदा पॉलिश मारलं होतं. टाकी गळ्यापर्यंत भरली. समितीची माणसं, भाऊंची माणसं चढली आणि मामाला जागाच उरली नाही.

‘मेकॅनिकचं काय काम आता?’ भाऊ म्हणाले. ‘इंजिन तर बसलं न.’

मामा काठावर उभा राहिला. मी कोणाला न विचारता बोटीत चढले आणि फिल्टरजवळ बसले. मावशी सुकाणूवर, निळ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला.

बटण एकदाच दाबलं आणि इंजिन सेल्फवर लागलं. नऊ वर्षं हँडल मारलेल्या तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते कोणाच्याही मोबाइलमध्ये नाही, कारण मोबाइल भाऊंकडे वळलेला होता. बोट निघाली. संथ, सरळ. बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर दिसत होते, त्यांच्या ओळीत संस्थेच्या लोकांची जाळी लागलेली. थंडीत मासळी सुस्त असते, म्हणून जाळी दुपारपर्यंत पाण्यातच ठेवतात. मावशी त्यांना वळसा घालत होती आणि प्रत्येक वळणावर भाऊ विचारत होते, ‘सीधी काहून नाही नेत?’

पंधरा-वीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज पातळ झाला. मग ते अडखळलं. मग बंद.

पाण्यावर अशी शांतता फार मोठी वाटते. भोंग्यावरचं गाणं काठावरून बारीक ऐकू येत होतं. भाऊंनी घड्याळात पाहिलं. त्यांना दुःख झालं नव्हतं.

मी काचेच्या वाटीकडे पाहिलं, पाणी नव्हतं. तोटी उघडी होती. नळ्या घट्ट. मी नट सैल करायला पाना उचलला.

‘थांब वं,’ मावशी म्हणाली. ती सुकाणू सोडून टाकीपाशी आली, भाऊंच्या नावावर तळवा ठेवून वाकली आणि वाकडी नळी बोटाने चाचपली. जाळी नव्हतीच. पेंटरने रंग लावायच्या आधी तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून गुळगुळीत केलं होतं. ट्रकच्या पत्र्याला भोक दिसलं की ते बुजवायचं, ही त्याची रीत. टाकी छान दिसावी, असं त्याला भाऊंनीच बजावलं होतं. यार्डात आम्ही इंजिन चालवून पाहिलं तेव्हा टाकीत जेमतेम डिझेल होतं आणि बाकी हवाच हवा, म्हणून कळलं नाही. आज टाकी भरलेली, हवा यायला वाट नाही.

तिने झाकण फिरवलं. टाकीने जोरात हवा ओढली, फूस्स. ती झाकण उघडंच ठेवून मला म्हणाली, ‘मार पंप.’ मी पंप मारला. तिने सेल्फ दिला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं गेली असतील.

‘थांबली,’ भाऊ समितीला म्हणाले. ‘सगळ्यायनं पाह्यलं न? थांबली.’

‘तुमच्या नावानं थांबली,’ मी म्हणाले. ‘ते लिहायसाठी नळी बुजवली तुमच्या पेंटरने.’

‘तू कोण वं पोट्टे?’

समितीतली माणसं पाण्याकडे पाहू लागली. त्यांची ती नजर मला ओळखीची आहे. सभेत ठराव वाचला जात असताना लोक छताकडे पाहतात, तशी. कोणी वाईट नसतं त्यांच्यात. फक्त कोणीच काही नसतं.

पलीकडच्या काठावर गावातले वीस-पंचवीस लोक उभे होते, बरेचसे संस्थेचेच सभासद. भाऊ उतरले आणि त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, बोट नापास, उद्यापासून पुतण्या. या बोटीत मी परत बसणार नाही, असंही म्हणाले, आणि फोन लावून पुतण्याला घ्यायला बोलावलं. माझ्या डोक्यात पत्रक तयार होत होतं. पहिली ओळ झाली होती, शेवटचा परिच्छेद झाला होता. मी मावशीला म्हणाले, ‘आज रात्रीच छापते.’

‘गप राह्य,’ ती म्हणाली. ती पाण्याकडे पाहत होती. ‘सरळ येऊन राहिला तो.’

पुतण्या खरंच सरळ येत होता. गरगर आवाज, मागे पांढरा फेस, पुढचं टोक हवेत. झाडांच्या ओळीपाशी त्याने वेग कमी केला नाही. आधी एक जाळं गेलं, मग दुसरं, मग पंख्याला जाळं गुंडाळून त्याची बोट जागच्या जागी फिरली आणि थांबली. काठावरचा एक म्हातारा सभासद डोक्यावरचं फडकं सोडून ओरडला, ‘माहं जाळं! अबे भैताडा, माहं जाळं!’

मग सगळे ओरडायला लागले. नऊ वर्षांत या बाईने किती जाळी तोडली, असं एकाने समितीला विचारलं. समिती पुन्हा पाण्याकडे पाहायला लागली, पण आता पाण्यातच उत्तर अडकून पडलेलं होतं. भाऊंनी दोनदा हात वर केला. ‘पोरगा नवीन आहे,’ म्हणाले. म्हातारा म्हणाला, ‘मंग जुनीलेच चालवू द्या न.’

मला वाटलं होतं की न्याय झाला की तो न्यायासारखा दिसेल. तो तसा दिसला नाही. ज्या लोकांनी ‘थांबली’ ऐकून माना डोलावल्या होत्या, तेच आता तिच्या बाजूने गळा काढत होते. बाईचं नऊ वर्षांचं काम त्यांना पुरेसं नव्हतं. स्वतःचं जाळं फाटावं लागलं. आणि भाऊंना दोन मिनिटं लागली. तिसऱ्या मिनिटाला ते सांगत होते की फेरी बाईंकडेच राहावी ही त्यांची पहिल्यापासून इच्छा होती, पुतण्या पर्यटनाचंच पाहील. मोबाइलवाल्याने तेही टिपलं.

 मी पुढे सरकले, तर मावशीने माझा दंड धरला. मला वाटलं, ती मला थांबवते आहे. पण तिने भाऊंकडे पाहून एवढंच म्हटलं, ‘लिहून द्या.’

‘अहो बाई, बोललो न मी, सगळ्यायसमोर.’

‘ठराव लिहून केला होता तुम्ही. हेही लिहून द्या.’

सचिवाकडे कागद नव्हता. माझ्याकडे वही होती, मामाच्या यार्डातली. मी दगडावर बसून लिहिलं. तीन वर्षांसाठी फेरीचं काम मावशीकडे, इंजिनात किंवा टाकीत तिला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. दुसरं कलम तिने स्वतः सांगितलं. सुरुवातीला अध्यक्षांचा गौरव वगैरे नव्हता. भाऊंनी वाचलं, कपाळाला आठी घातली आणि मागे उभ्या लोकांकडे पाहून सही केली. सचिवाने केली, समितीने केली. म्हाताऱ्याने अंगठा दिला, कोणी मागितला नसताना.

मावशीने कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि बोटीत चढली. परत जायचे लोक चढायला लागले, दुधाची कॅन घेतलेला एक जण, दवाखान्यात निघालेली एक बाळंतीण आणि तिची आई. पुतण्याची बोट अजून झाडांत अडकलेली होती आणि तो चाकूने पंख्याचं जाळं कापत होता, म्हणजे आणखी फाडत होता. भाऊ काठावर उभे होते. बुटांत पाणी शिरलं होतं. दुसरी सोय नाही हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

शेवटी ते चढले आणि सवयीने पुढच्या फळीवर जाऊन बसले.

‘भाऊ, मधात या,’ मावशी सेल्फला हात घालत म्हणाली. ‘तिथं बाळंतीण बसते.’

ते उठले आणि मधे आले.